पंचाहत्तर टक्के, पण कशाचे?

सीनाकाठच्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आहे. "भाऊसाहेब, २०२५ च्या सप्टेंबरात आमचं रान पाण्याखाली गेलं. राज्याने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. दिवाळीच्या तोंडावर बातमी आली की केंद्राने महाराष्ट्राला १,५६६ कोटी दिले. आपत्तीत केंद्र ७५ टक्के देतं असं सगळे सांगतात. मग हा हिशेब जुळतो कसा? आणि आमच्या ओढ्यावरचा पूल वाहून गेला, तो बांधायचा कुणी?"

मी महसुलात तलाठी म्हणून लागलो आणि निवृत्त होईपर्यंत या ना त्या टेबलावर पूर, गारपीट आणि दुष्काळाचे कागद हाताळत राहिलो. हा प्रश्न मला पारावर विचारला गेलाय, लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय आणि एकदा तर मयतीलाही. दर वेळी दोन वाक्यांत उत्तर द्यायचा प्रयत्न केला आणि दर वेळी फसलो. म्हणून आज जरा सविस्तर.

आधी त्या १,५६६ कोटींचं पाहू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. नेमका आकडा १,५६६.४० कोटी. ही तुमच्या पुरासाठी दिल्लीने वेगळी काढलेली रक्कम नव्हती. राज्य आपत्ती प्रतिसाद निधी नावाचा एक गल्ला आहे, इंग्रजी आद्याक्षरांनी एसडीआरएफ. त्यात केंद्र दरवर्षी ठरलेला वाटा दोन हप्त्यांत भरतं. पूर येवो न येवो, तो वाटा येणारच असतो. त्यातला २०२५-२६ चा दुसरा हप्ता ऑक्टोबरात सोडला, त्याचीच ती बातमी. दोन हप्ते मिळून वर्षाचे ३,१३२.८० कोटी होतात. यात राज्याने आपला चौथा हिस्सा घालायचा, म्हणजे साधारण १,०४४ कोटी. गल्ला झाला सुमारे ४,१७७ कोटींचा. पंचाहत्तर टक्के म्हणतात ते या गल्ल्याचे. तुमच्या नुकसानीचे नव्हेत, पॅकेजचेही नव्हेत.

एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी निम्मी भांडणं मिटतील. कुणी ७५ टक्के म्हटलं की विचारायचं, कशाचे?

हा गल्ला ठरवतो वित्त आयोग, म्हणजे केंद्र आणि राज्यांतली पैशाची वाटणी सुचवणारा आयोग. दुसऱ्या वित्त आयोगापासून, म्हणजे १९५७ च्या सुमारापासून, राज्यांच्या हिशेबात आपत्तीसाठी थोडी रक्कम बाजूला धरायची पद्धत आहे. नवव्या आयोगाने १९९० पासून आपत्ती निवारण निधी आणला, ७५ आणि २५ च्या वाट्याने. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्याच्या ४८ व्या कलमाखाली २०१० पासून या निधीचं नाव बदललं, वाटा तोच राहिला. चौदाव्या आयोगाने सगळ्याच राज्यांना ९० आणि १० करा असं सुचवलं होतं. पंधराव्याने पुन्हा जुन्या वाटणीवर बोट ठेवलं: ईशान्येकडची आणि हिमालयातली राज्यं ९०:१०, बाकी सगळी ७५:२५. सह्याद्री कितीही उभा असला तरी तो हिमालय नाही. त्यामुळे महाडच्या तळिये गावावर दरड कोसळली तर ७५:२५, आणि हिमाचलात कोसळली तर ९०:१०. डोंगर दोन्हीकडे सारखाच खाली येतो.

पंधराव्या आयोगाने २०२१ ते २६ या पाच वर्षांसाठी सगळ्या राज्यांचा मिळून १,६०,१५३ कोटींचा निधी धरला. त्यातले ८० टक्के प्रतिसादाला आणि २० टक्के सौम्यीकरणाला, म्हणजे आपत्ती येण्याआधी करायच्या कामांना. राज्याराज्यांत वाटताना मागचा खर्च, क्षेत्रफळ, लोकसंख्या आणि धोक्याचा निर्देशांक अशी मिसळ वापरली. त्या मिसळीत महाराष्ट्राला देशात सर्वांत मोठा वाटा मिळाला, हेही सांगायला हवं. आपल्याकडे ते कुणी सांगत नाही.

आता हा गल्ला उघडायची किल्ली. ती म्हणजे निकष. गावात लोक 'एनडीआरएफचे निकष' म्हणतात आणि त्यातून आणखी एक गोंधळ होतो, कारण एनडीआरएफ म्हटलं की केशरी कपड्यातले, बोटी घेऊन येणारे जवानही तेच. एक राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आहे, एक राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधी आहे, आद्याक्षरं एक. एका आजोबांनी मला विचारलं होतं, "ते बोटीवाले पैसे कधी वाटणार?" त्यांची काय चूक?

निकषांचा कागद केंद्रीय गृह मंत्रालय काढतं आणि राज्याचा व राष्ट्रीय अशा दोन्ही निधींना तोच लागू असतो. २०२२ ते २६ चा कागद असा: माणूस गेला तर वारसाला ४ लाख. जिरायत पिकाला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००. पीक किमान ३३ टक्के गेलेलं हवं आणि मदत दोन हेक्टरांपर्यंतच. दुभती म्हैस किंवा गाय ३७,५००, बैल ३२,०००, शेळी ४,०००. पक्कं घर पूर्ण पडलं तर सपाटीला १ लाख २० हजार. रानात तीन इंचांहून जास्त गाळ साचला तर तो काढायला हेक्टरी १८,०००. जमीनच वाहून गेली तर हेक्टरी ४७,०००, पण तेही अल्प आणि अत्यल्पभूधारकालाच. भांड्यांना २,५००, कपड्यांना २,५००.

हे नुकसानभरपाईचे दर नाहीत, हे मी नोकरीत असताना हजारदा सांगितलं असेल. कागदावर शब्द आहे निविष्ठा अनुदान. पुढच्या पेरणीला बी-खताचा हातभार, एवढाच त्याचा अर्थ. सोयाबीनच्या एका हेक्टरात किती पैसा गाडला, बाजारात काय भाव होता, याच्याशी त्या ८,५०० चा संबंध नाही. आधी हाच दर ६,८०० होता, २०१५ चा. सात वर्षांनी १,७०० रुपये वाढले. त्याच सात वर्षांत डीएपीचं पोतं, मजुरी आणि ट्रॅक्टरचं भाडं कुठे गेलं ते तुम्हीच मला सांगा.

आता तुमच्यासारख्याच एका खातेदाराचा हिशेब मांडतो. साडेसात एकर, म्हणजे तीन हेक्टर जिरायत सोयाबीन, सगळं गेलेलं. निकषाने दोन हेक्टरांचे १७,००० होतात. राज्याने ऑक्टोबरात मर्यादा तीन हेक्टरांवर नेली, म्हणून आणखी ८,५००. वर रब्बीसाठी हेक्टरी १०,००० जाहीर केले, तीन हेक्टरांचे ३०,०००. एकूण ५५,५००. यातला केंद्राच्या वाट्याशी संबंध येतो तो फक्त पहिल्या १७,००० चा. त्याचे पाऊण, म्हणजे १२,७५० केंद्राचे आणि ४,२५० राज्याचे. उरलेले ३८,५०० राज्याने स्वतःच्या खिशातून घालायचे. ५५,५०० मध्ये १२,७५० म्हणजे २३ टक्के. पंचाहत्तरचे तेवीस झाले, आणि कुणीही खोटं बोललेलं नाही.

पॅकेज नावाची चीज म्हणूनच नीट वाचावी लागते. ३१,६२८ कोटींत निकषातली मदत आहे, निकषावरची राज्याची भर आहे, पायाभूत सुविधांसाठी ठेवलेले १०,००० कोटी आहेत. खरडून गेलेल्या जमिनीला ४७,००० रोख आणि वर हेक्टरी ३ लाखांपर्यंतचं काम रोजगार हमीतून, असं जाहीर झालं. केंद्राच्या रोजगार हमीत मजुरीचा भार तेव्हा केंद्र उचलत होतं, म्हणजे तिथे केंद्राचा हात मागच्या दाराने येत होता. पीक विम्याचे हेक्टरी १७,००० हेही घोषणेत होते. विमा हा शेतकऱ्याचा स्वतःचा हक्क. त्याच्या हप्त्यात शेतकरी, राज्य आणि केंद्र तिघांचा पैसा असतो. तो मदतीच्या बेरजेत धरावा का? माझ्या मते नाही. पण बेरीज मोठी दिसावी असं सगळ्याच सरकारांना वाटतं, मी तीन-चार रंगांची पाहिली आहेत.

निकषाबाहेरचं म्हणजे काय याचं सोपं उदाहरण विहीर. पुरात विहीर खचली, गाळाने भरली, तर केंद्राच्या कागदात तिला स्वतंत्र ओळ नाही. वर्षानुवर्षं आम्ही पंचनाम्यात 'विहीर बुजली' असं लिहायचो आणि त्या ओळीपुढे रकमेचा रकाना मोकळा सोडायचो. या वेळी राज्याने विहिरीला ३०,००० दिले. पूर्ण राज्याचे. जनावरांचंही तसंच. निकषात मोठी दुभती जनावरं तीनपर्यंतच धरतात. राज्याने ती अट काढली. चौथ्या म्हशीपासून पुढचा खर्च राज्याचा.

मग प्रश्न येतो की गल्ला अपुरा पडला तर? त्यासाठी वरचा गल्ला आहे, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधी. आपत्ती 'गंभीर स्वरूपाची' असेल तर राज्याने निवेदन पाठवायचं, आंतर-मंत्रालयीन केंद्रीय पथक पाहणीला येतं, त्याचा अहवाल उपसमितीकडे जातो, आणि शेवटी गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची उच्चस्तरीय समिती रक्कम ठरवते. ही रक्कम सगळी केंद्राची. पण तिला दोन चाळण्या आहेत. पहिली, मागणी कितीही असो, मोजणी निकषानेच होते. दुसरी, राज्याच्या गल्ल्यात वर्षाच्या सुरुवातीला जी शिल्लक होती तिच्यातली निम्मी वजा होते.

२०१९ चं कोल्हापूर-सांगली आठवा. ऑगस्टमध्ये राज्याने ६,८१३ कोटींची मागणी केली. त्यातले ४,७०८ कोटी कोल्हापूर, सांगली आणि साताऱ्यासाठी आणि २,१०५ कोटी कोकण, नाशिक वगैरे भागांसाठी. केंद्राने आधी ६०० कोटींची अंतरिम मदत दिली, आणि जानेवारी २०२० मध्ये समितीने मंजूर केले ९५६.९३ कोटी. वर्तमानपत्रांत दोन्ही आकडे शेजारी छापून आले आणि व्हायचा तो तमाशा झाला. कुणाला वाटलं राज्याने फुगवून मागितलं, कुणाला वाटलं दिल्लीने तोंडाला पानं पुसली.

त्या वेळी आतून दिसणारं चित्र वेगळं होतं. राज्याने पूरग्रस्त कुटुंबाला ग्रामीण भागात १०,००० आणि शहरात १५,००० सानुग्रह अनुदान जाहीर केलं होतं. केंद्राच्या तेव्हाच्या निकषात कपडे १,८०० आणि भांडी २,०००, मिळून ३,८००. म्हणजे घरटी मोजताना सांगलीच्या गल्लीतल्या १५,००० पैकी ११,२०० दिल्लीच्या चाळणीतून आपोआप खाली पडले. छोट्या दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के, कमाल ५०,००० दिले. निकषात दुकानदार हा प्राणीच नाही. एक हेक्टरपर्यंतचं पीककर्ज माफ केलं. तेही निकषात नाही. हे सगळं राज्याच्या खर्चात होतं आणि यातलं जवळजवळ काहीच केंद्राच्या मोजणीत नव्हतं. दोन वेगवेगळ्या मापांनी एकच कापड मोजलं, आणि लांबी वेगळी आली म्हणून लोक चकित झाले.

मला केंद्राचं म्हणणं सगळंच चुकीचं वाटत नाही, हेही लिहून ठेवतो. राज्य जे जाहीर करील त्याचे पाऊण दिल्लीने द्यायचे असते, तर निवडणुकीच्या वर्षी पॅकेजला छतच उरलं नसतं. कुठेतरी एक माप हवं. माझा आक्षेप मापावर नाही. माप सात-सात वर्षं गंजत पडतं, यावर आहे. महागाई भत्ता सहा महिन्यांनी बदलतो, तो घेणाऱ्यांतलाच मी एक. म्हशीचा दर मात्र पुढच्या वित्त आयोगापर्यंत थांबतो.

राज्य सरकारचंही वागणं सरळ नसतं. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्याने पिकांचे २०१५ चे दर दुप्पट केले: जिरायत १३,६००, बागायत २७,०००, फळबाग ३६,०००, तीन हेक्टरांपर्यंत. मे २०२५ मध्ये जीआर काढून पुन्हा केंद्राच्या दरावर आणि दोन हेक्टरांवर आले. चार महिन्यांनी पूर आला आणि परत वर गेले. त्यामुळे एकाच शिवारात २०२४ ला मदत घेतलेला, २०२५ च्या जूनमध्ये घेतलेला आणि सप्टेंबरच्या पुरात घेतलेला असे तीन शेतकरी तीन दरांचे भेटतात. तलाठ्याच्या अंगावर येतात ते हे तिघे.

पंचनाम्याचं थोडं सांगतो, कारण पैशाची वाटणी दिल्ली-मुंबईत ठरली तरी रक्कम जन्मते बांधावर. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक, तिघांच्या सह्या. (आता पदनामं बदलली आहेत, चपला त्याच झिजतात.) अतिवृष्टी धरायची तर महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस हवा. मी एका वर्षी असं गाव पाहिलं की ओढ्याच्या अलीकडचं रान एका मंडळात, पलीकडचं दुसऱ्या. अलीकडच्या मापकावर ७० च्या वर, पलीकडच्यावर साठीच्या आत. पाणी एकाच रात्री दोन्हीकडून कमरेएवढं वाहिलेलं. पलीकडच्यांचे पंचनामे मी पुराच्या सदरात घातले, कारण पाणी ओढ्याचं होतं आणि पूर ही आपत्ती केंद्राच्या यादीत आहे. वरिष्ठांनी खुलासा मागवला. दिला. मंजूर झाला. पण दरवेळी ओढा मदतीला येत नाही.

२०२२ ते २६ च्या निकषांत केंद्राची यादी बारा आपत्तींची होती: चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड, हिमस्खलन, ढगफुटी, कीड आणि थंडीची लाट. अवेळी पाऊस, वीज पडणं, समुद्राचं उधाण यांसारख्या आपल्याकडच्या गोष्टी राज्याने स्वतः जाहीर केलेल्या आहेत. त्यांच्यावर वर्षाच्या निधीतले दहा टक्केच वापरता येतात. वीज पडून झाडाखाली मेलेला गुराखी आणि पुरात मेलेला गुराखी, वारसाला ४ लाखच. हिशेबाची पाटी मात्र वेगळी.

पैसे आले तरी वाटप अडतं ते वेगळ्याच कारणांनी. आता यादी पोर्टलवर चढते, शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक मिळतो, त्याने सेवा केंद्रात जाऊन अंगठा लावून केवायसी करायची, मग थेट खात्यात. ऐकायला छान. पण सातबारावर चार भाऊ, एक पुण्यात रिक्षा चालवतो, एक सुरतेला, थोरला वारलेला आणि वारसनोंद झालेली नाही. सामाईक खातेदारांचं संमतीपत्र येत नाही तोवर रक्कम लटकलेली. असे पैसे वर्षअखेर परत गेले की वर शिल्लक दिसते. आणि वर सांगितलं तसं, शिल्लक दिसली की पुढच्या मोठ्या आपत्तीत केंद्र त्यातली निम्मी वजा करतं. अंगठा न उमटलेल्या म्हातारीमुळे राज्याचा दिल्लीतला दावा कमी होतो, इतकी ही साखळी लांब आहे.

आता पूल. तुमच्या प्रश्नाचा हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण मदतीसाठी निदान एक वाट मळलेली आहे; पुनर्बांधणीसाठी ती आता कुठे पडतेय.

२०१५ च्या निकषांत रस्त्यांसाठी दर होता राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्गाला किलोमीटरला १ लाख, ग्रामीण रस्त्याला ६० हजार. तोही तातडीच्या दुरुस्तीसाठी: खड्डा भरा, मुरूम टाका, वाहतूक सुरू करा. एका लाखात किलोमीटर डांबरी रस्ता होत नाही हे कंत्राटदाराच्या पोरालाही माहीत असतं. म्हणजे केंद्राने पाऊण वाटा दिला तरी तो ६० हजारांचा पाऊण. पूल पुन्हा उभा करायचा खर्च कोटीत, आणि तो यायचा राज्याच्या बांधकाम खात्यातून, जिल्हा परिषदेतून, जिल्हा नियोजनातून, नाहीतर कर्जातून.

अमेरिकेत याच्या उलट आहे आणि गंमत म्हणजे आकडा तोच. तिथल्या १९८८ च्या स्टॅफर्ड कायद्याखाली सार्वजनिक मालमत्तेच्या दुरुस्तीला केंद्र किमान ७५ टक्के देतं. पण ते पात्र ठरलेल्या प्रत्यक्ष खर्चाचे. पूल दहा कोटींचा असेल तर साडेसात. आपल्याकडे दराच्या कागदाचे पाऊण, तिकडे बिलाचे पाऊण. त्यांच्याकडेही तक्रारी ढीगभर आहेत, कागदपत्रं वर्षानुवर्षं चालतात; तो स्वर्ग नाही. फक्त वाटणीचा पाया वेगळा.

आपल्याकडे मोठ्या पुनर्वसनाला आजवर आपत्तीगणिक वेगळी सोय लावली गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बावन्न गावं पूर्ण हलवली, त्यासाठी जागतिक बँकेचं कर्ज घ्यावं लागलं. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडीवर दरड आली, तिथल्या कुटुंबांची ४४ घरं सिडकोने बांधली. यात वाटणीचं कोणतंही सूत्र नाही. ज्या वेळी ज्याच्या हातात यंत्रणा आणि पैसा होता त्याने केलं. ज्या गावाचं नाव टीव्हीवर आलं त्याला घरं लवकर मिळाली, आणि तुमच्या ओढ्यावर कॅमेरा आला नाही.

पंधराव्या आयोगाने यावर एक चांगली गोष्ट केली. निधीतले तीस टक्के 'पुनर्प्राप्ती आणि पुनर्बांधणी' या खिडकीला राखून ठेवले. पण आयोगाचा काळ २०२१ ला सुरू झाला आणि या खिडकीच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या १४ ऑगस्ट २०२४ ला. पाचातली तीन वर्षं गेल्यावर. या खिडकीतून पैसे हवे तर आपत्तीनंतर गरजांचं सविस्तर मूल्यांकन करावं लागतं, रस्ता-रस्ता, शाळा-शाळा. हिमाचलने २०२३ च्या पावसाळ्यातल्या आपत्तीचा असा अहवाल दिला. २,००६.४० कोटींची योजना मंजूर झाली ती जून २०२५ मध्ये, केंद्राचे त्यात १,५०४.८० कोटी. दोन वर्षं. वायनाडला ३० जुलै २०२४ ला दरडी कोसळल्या. केरळला फेब्रुवारी २०२५ मध्ये ५२९.५० कोटी मिळाले, पण मदत म्हणून नव्हे, पन्नास वर्षांच्या बिनव्याजी कर्जाच्या योजनेतून. कर्ज बिनव्याजी असलं तरी ते राज्याच्याच वहीत चढतं. पुनर्बांधणीच्या खिडकीतले २६०.५६ कोटी त्यानंतर आठेक महिन्यांनी मंजूर झाले.

राष्ट्रीय निधीतून पुनर्बांधणी घ्यायची तर राज्यालाही हात खिशात घालावा लागतो. आयोगाने पायऱ्या सुचवल्या होत्या: मदत २५० कोटींपर्यंत असेल तर राज्याचे १० टक्के, ५०० पर्यंत २०, त्यावर २५. हिमाचलचा हिशेब करून पाहा, २,००६ चा पाव भाग राज्याचा निघतो. हिमालयातलं राज्य असूनही इथे ९०:१० नाही. असे बारकावे असतात, म्हणून कुणी ठोकून टक्केवारी सांगितली की मी आधी कागद मागतो.

तुम्ही काय करायचं, ते सांगतो. पॅकेजचा जीआर मदत व पुनर्वसन विभागाचा असतो, तो काढा आणि लेखाशीर्ष बघा. नैसर्गिक आपत्तीचा खर्च २२४५ खाली पडतो. तुमच्या खात्यावर आलेली रक्कम कुठल्या तारखेच्या जीआरची, ते तहसीलच्या मदत शाखेत विचारता येतं. रब्बीचे हेक्टरी १०,००० आणि पिकाचे ८,५०० वेगवेगळ्या वेळी पडतात, म्हणून अर्धी मदत आली असं वाटून लोक तलाठ्याशी भांडतात.

पुलासाठी आधी तो कुणाचा ते शोधा. रस्त्याला क्रमांक आहे का, तो जिल्हा परिषदेकडे आहे की बांधकाम खात्याकडे. आमच्या भागात एक फरशी पूल तीन पावसाळे तसाच पडून राहिला, कारण रस्ता एका खात्याकडून दुसऱ्याकडे वर्ग झाल्याचा ठराव होता आणि पूल त्या ठरावात लिहायचा राहून गेला होता. पंचनाम्यात तो होता, नुकसानीच्या बेरजेत होता, केंद्रीय पथकाला मीच गाडीतून उतरवून दाखवला होता. संध्याकाळ झाली होती, जीपचे दिवे लावून फोटो काढले. त्या फोटोतल्या पुलाचा मालकच कागदावर नव्हता, म्हणून अंदाजपत्रक कुणी करेना.

तुमच्याकडे सध्या सिमेंटचे पाइप टाकून वर मुरूम भरून वाट केलेली असेल. ती तात्पुरती दुरुस्ती, तिचा पैसा आपत्तीच्या निधीतून निघू शकतो. आणि एकदा ती झाली की सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीच्या यादीत तुमच्या पुलापुढे 'वाहतूक पूर्ववत' असा शेरा पडतो. तो शेरा पडण्याआधी ग्रामसभेचा ठराव घ्या, वाहून गेलेल्या पुलाचे फोटो तारखेसकट जोडा, आणि कार्यकारी अभियंत्याकडे कायमस्वरूपी कामाचं अंदाजपत्रक लेखी मागा. पोच घ्यायला विसरू नका.